खाली नंबर, वर नाव

पहिल्याच दिवशी त्यांनी मला अडवलं. शाफ्टच्या तोंडाशी मी उभी होते, डोक्यावर कोरं पांढरं हेल्मेट, पायात नवे बूट, आणि हे समोर प्लास्टिकच्या स्टुलावर चक्क अनवाणी बसलेले. बुटांशिवाय साइटवर पाऊल टाकायचं नाही असा नियम होता आणि तो पाळला जातो की नाही हे बघायलाच कंपनीने मला सेफ्टीत घेतलं होतं. मी म्हटलं, "काका, बूट?"

"मी खाली जात नाय," ते म्हणाले. "खाली जानाऱ्याला बूट. तुमी जाताय ना मॅडम? मग नंबर बोला."

मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"नाव नको. जाताना नंबर. येताना नाव."

शाफ्ट म्हणजे एक प्रचंड चौकोनी विहीर. आठ मजल्यांची इमारत उभी आत मावेल एवढी. तिच्या तळातून दोन बोगदे निघायचे आणि खाडीपलीकडच्या त्या शहराच्या पोटातून पुढच्या स्टेशनपर्यंत जायचे. तेव्हा मेट्रो बिट्रो काही नव्हती. होता तो चिखल, पाण्याचे पाइप, मशीन, आणि माती वर आणणारी छोटी लोकोगाडी. एका पाळीत शंभरेक माणसं खाली असायची. कोण खाली आहे आणि कोण वर, याचा हिशेब एका लाकडी फळ्यावर. फळ्याचे दोन भाग, दोन्हीकडे खिळे, आणि प्रत्येक माणसाचा एक पितळी बिल्ला. माणूस उतरला की बिल्ला 'खाली'च्या खिळ्यावर जायचा, आला की 'वर'च्या. हा फळा त्यांच्या ताब्यात होता.

जगातल्या सगळ्या बोगद्यांवर असे फळे असतात. पण तिथले लोक बिल्ला घेतात आणि चालू लागतात. आमच्याकडे वर आलेल्या माणसाने समोर उभं राहून स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं. सांगितल्याशिवाय बिल्ला हलत नसे. ते माणसाच्या तोंडाकडे बघत, मग पायांकडे, मग पुन्हा तोंडाकडे, आणि म्हणत, "हा. आला." त्यामुळे पाळी सुटताना शाफ्टपाशी ही भली मोठी रांग लागायची. झारखंड-ओडिशाची दमलेली पोरं शिव्या घालायची, पण हळू आवाजात.

एकदा बाहेरून एक मोठे अधिकारी पाहणीला आले. सोबत दहा-बारा माणसं, फोटोग्राफर. वर आल्यावर यांनी त्यांनाही थांबवलं. "नाव बोला साहेब."

अधिकारी हसले. "मला ओळखत नाही का?"

"वळखतो ना. पेपरात फोटू येतो तुमचा. पन वर कोन आला ते तुमी बोललात की कलंल."

अधिकाऱ्यांनी हसत हसत नाव सांगितलं. यांनी नेहमीसारखं तोंड बघितलं, पाय बघितले. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत साहेबांचं हसू कुठल्या कुठे गेलं. गाडीत बसताना ते मागे वळून वळून या स्टुलाकडे बघत होते, हे मी पाहिलं.

एक पोरगा होता, वेल्डर. एक दिवस गंमत म्हणून त्याने वर आल्यावर स्वतःच्या दोस्ताचं नाव सांगितलं. सगळे हसले. हे हसले नाहीत. त्याला म्हणाले, "परत खाली जा. आन बरोबर होऊन ये." पोराला वाटलं चेष्टा आहे. पण ते स्टुलावरून उठून जिन्याच्या तोंडाशी आडवे उभे राहिले. शेवटी तो सगळा जिना उतरला, पुन्हा चढला, धापा टाकत स्वतःचं नाव बोलला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत यांनी त्याला शेजारी बसवलं, आपल्या डब्यातली सुकटीची चटणी वाढली आणि त्याच्या आईचं नाव, गावाचं नाव, गावच्या तळ्याचं नाव, सगळं विचारून घेतलं. पोलीस चौकशी करतात तसं नव्हे. एखादी वस्तू हरवता हरवता सापडली की आपण ती फिरवून फिरवून बघतो, तसं.

त्यांचा सगळ्यात कडक नियम हा की शाफ्टमध्ये खाली तोंड करून कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायची तर नंबराने. एका नव्या इंजिनीअरने कठड्यावर वाकून आपल्या मुकादमाच्या नावाने आरोळी ठोकली, तेव्हा हे स्टूल पाडून धावले आणि त्याच्या तोंडावर हात दाबला. त्यांना धावताना आम्ही एकदाच पाहिलं ते तेव्हा. इंजिनीअर भडकला, तक्रार झाली. चौकशीत त्यांनी एवढंच सांगितलं, "नंबर कोनाचा बी नसतो साहेब. नाव एकाचं असतं. ते खाली सोडू नये."

चौकशी करणाऱ्याने कागदावर काय लिहावं हे त्याला कळेना. त्याने 'समज दिली' असं लिहिलं.

ते सारसोळ्याचे. नेरूळचे सेक्टर पडायच्या आधीपासूनचं त्यांचं घर, जेट्टीकडे जाणाऱ्या गल्लीत. घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. मी राहायचे खांदेश्वरला. आमचे बाबा नांदेडकडून नोकरीसाठी आले आणि इथेच फ्लॅट घेतला. कंपनीची बस नेरूळच्या फाट्यावरून सुटायची, तिथे आम्ही दोघं चढायचो. साइटवर मी 'मॅडम' आणि 'तुमी'. बसमध्ये मात्र 'पोरी' आणि 'तू'. हा फरक त्यांनी कधी चुकवला नाही. साइटच्या गेटमधून आत पाय टाकला की पोरीची मॅडम होत असे.

वाशीच्या खाडीपुलावर बस चढली की ते चपला काढून मांडीवर घेत. पूल संपला की घालत. वर्षभर मी हे बघितलं आणि एक दिवस विचारलं. ते म्हणाले, "खाली आपली मानसं काम करतात, आपून वरून चपला घालून जायाचं?"

"आता कोण काम करतं काका तिथे?"

त्यांनी आत्याची गोष्ट सांगितली.

त्यांच्या गावात बायका ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरायच्या, शिंपल्या काढायला, निवट्या मासे धरायला. कमरेइतका चिखल. भरती आली की धावपळ करून वर यायचं. त्यांची आत्या तेव्हा म्हातारी झालेली. तिला चिखलात उतरणं जमेना, म्हणून ती बांधावर बसायची आणि उतरलेल्या बायका मोजायची. तिच्याकडे जाळं विणायचा सुताचा दोरा असे. बाई उतरली की एक गाठ. वर आली, तिने नाव सांगितलं, की गाठ सोडायची.

"एक दिस सगल्या आल्या," ते सांगत होते. खिडकीबाहेर खाडीचं पाणी चकचकत होतं. "घरोघरी जाऊन बघितला. कोनाची बाय गेलेली नाय. आन आत्या बोलते, एक राहिली. दोऱ्याला गाठ हाय. भरती चढली, पानी बांधाला लागला, ती उठंना."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या ओहोटीला बघितला. कोन नव्हता."

"म्हणजे मोजायला चुकल्या."

"आत्या चुकायची नाय," ते म्हणाले आणि पूल संपला म्हणून चपला पायात घातल्या.

त्यानंतर कधीतरी साइटवर नवी यंत्रणा आली. प्रत्येकाच्या नारिंगी जॅकेटमध्ये एक चिप शिवली. शाफ्टच्या तोंडाशी चौकट उभी राहिली. जॅकेट घालून खाली गेलं की पडद्यावरचा आकडा एकाने वाढायचा, वर आलं की कमी व्हायचा. रांग गेली, शिव्या गेल्या. मी स्वतः त्या यंत्रणेच्या बाजूने रिपोर्ट दिला होता, हे इथे सांगायला हवं. फळा काढून गोदामात टाकला. त्यांना पाण्याच्या टाकीजवळ, पत्र्याच्या सावलीत बसवलं आणि कानात घालायचे बोळे आणि मास्क वाटायचं काम दिलं.

 दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या हातात निळ्या नायलॉनचा दोरा दिसू लागला. तिथून शाफ्टचं तोंड दिसायचं. कुणी उतरलं की त्यांची बोटं हलायची. कुणी आलं की पुन्हा हलायची. शंभर माणसांच्या शंभर गाठी, आणि सुटताना एकेक सोडायची. नाव विचारायची आता सोय नव्हती, पण वर येणारी बरीच पोरं टाकीवर पाणी प्यायला जायची आणि जाता जाता स्वतःच नाव सांगायची. तो वेल्डर तर रोज.

मग ती होळीची दुपार आली.

खालची माणसं बहुतेक उत्तरेकडची. सणाला दोन दिवस काम बंद राहणार होतं, आणि ती संधी साधून विजेचे मोठे पॅनल बदलायचे ठरले होते. म्हणजे बोगद्यातले दिवे बंद, हवा बंद, पाणी उपसायचे पंप बंद, पूर्ण दोन दिवस. त्यासाठी 'आत कोणीही नाही' अशा कागदावर सेफ्टीची सही लागायची. त्या दिवशी सीनियर रजेवर, म्हणून सही माझी.

बारा वाजल्यापासून माणसं भराभर वर येत होती. कुणाच्या गालाला आधीच गुलाल, कुणाच्या पाठीवर गावाला जायची बॅग. दीड वाजता पडद्यावर शून्य आलं, हिरव्या रंगात. दोन माणसं लोकोगाडीत बसून बोगद्याच्या टोकापर्यंत जाऊन आली. कोणी नाही म्हणाली. मी सही केली.

कागद आमच्या साइटच्या साहेबांच्या हातात देणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"मॅडम. एक खाली हाय."

ते अनवाणी उन्हात उभे होते. उजव्या हाताच्या चिमटीत दोऱ्याची एक गाठ धरलेली. उरलेला दोरा मुठीत.

साहेब तसे वाईट नव्हते. पण तीन दिवस त्यांची झोप झाली नव्हती आणि बाहेरून आलेले पॅनलवाले घड्याळ बघत उभे होते. "काका, पडद्यावर शून्य आहे," ते म्हणाले. "माणसं बघून आली. आता तुमच्या सुतळीसाठी मी सगळं थांबवू?"

"एक खाली हाय," त्यांनी पुन्हा तेवढंच सांगितलं. साहेबांना नाही, मला.

मी पडद्याकडे बघितलं. मग त्या गाठीकडे. मला नकाशा पाठ होता. दोन बोगद्यांना जोडणारी एक छोटी आडवी वाट आहे, मध्यावर, आणि तिच्या तळाला पाणी साठायचा खड्डा. सगळीकडचं झिरपलेलं पाणी तिथे उतरतं. पंप बंद झाला की काही तासांत तो खड्डा भरतो. आणि लोकोगाडीत बसून गेलेल्या माणसाला ती वाट दिसत नाही, खाली उतरून आत डोकवावं लागतं.

"आडव्या वाटेत बघितलं का?" मी त्या दोघांना विचारलं. ते एकमेकांकडे बघायला लागले.

मी सहीचा कागद फाडला.  साहेबांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "अर्धा तास. त्यानंतर मी दुसऱ्या कुणाची तरी सही घेणार. आणि उद्यापासून तू येऊ नकोस."

खाली कोण जाणार हा प्रश्न आला तेव्हा ते म्हणाले, "मी जातो." दोन वर्षांत ते एकदाही उतरले नव्हते. मी स्टोअरमधून बूट आणून दिले, लहान मुलाला घालावेत तसे स्वतः बसून घातले, नाड्या बांधल्या. हेल्मेट घातलं. लोकोचा ड्रायव्हर सोबत निघाला. जिन्याशी थांबून ते मला हळूच म्हणाले, "मॅडम, इथंच उभ्या ऱ्हा. खालून कोनी हाक मारली तर ओ देऊ नका. कोनी बी. मी वर येऊन नाव सांगीन, तवाच."

मी कठड्याशी उभी राहिले. माणसं निघून गेलेली, मशीन बंद. दुपारच्या उन्हात एवढी मोठी साइट इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती. हवेच्या पंख्याची घरघर तेवढी चालू. शाफ्टच्या निम्म्या भागापर्यंत ऊन होतं, त्याखाली नाही. साहेब लांब फोनवर बोलत होते.

दहा मिनिटं गेली असतील. खालून हाक आली.

"पोरी."

आवाज त्यांचा होता. रोज बसमध्ये ऐकायचे तो. घाई नाही, भीती नाही, जागा धरून ठेवलेय, ये, अशा सुरातला. माझ्या तोंडात 'ओ' आलाही होता. मी कठड्याला घट्ट धरलं आणि ओठ दाबून उभी राहिले. पुन्हा आली. "पोरी." पहिल्यापेक्षा जवळून. मी खाली बघितलं नाही. तेव्हा ते का, हे माझं मलाच कळलं नव्हतं. फक्त हे कळलं होतं की या गेटच्या आत मला त्या नावाने कुणी हाक मारत नाही.

मग वॉकीटॉकी वाजला. ड्रायव्हर ओरडत होता. सापडला, पंपवाला आहे, जिवंत आहे, स्ट्रेचर पाठवा.

खड्ड्याच्या शिडीवरून उतरताना त्याचा पाय सटकला होता. शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये नडगी अडकून हाड मोडलं होतं. फोन पाण्यात. पंख्याच्या आवाजात त्याच्या हाका कुणाला ऐकू गेल्या नाहीत. आत उकडतं म्हणून त्याने जॅकेट काढून बोगद्याच्या तोंडाशी पाइपावर टाकलं होतं. सुट्टीच्या घाईत निघालेल्या साथीदाराला वाटलं, हा विसरून गेला. त्याने ते जॅकेट उचलून वर आणलं. चिप वर आली, पडद्यावर एक कमी झाला, माणूस खालीच राहिला. कुणाची खोडी नव्हती की लबाडी नव्हती.

स्ट्रेचर वर आलं तेव्हा साहेब अँब्युलन्ससाठी धावपळ करत होते. यांनी स्ट्रेचरच्या पुढे हात आडवा धरला. तो पोरगा वेदनेने अर्धवट शुद्धीत. "नाव," हे म्हणाले. त्याने ओठ हलवून नाव सांगितलं. यांनी त्याचं तोंड बघितलं, पाय बघितले, एक तर मोडलेलाच होता. "हा. आला." मग माझ्यासमोर सरळ उभं राहून त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मी कशीबशी म्हणाले, "हा. आला." ते नाव मी इथे लिहिलेलं नाही. त्यांना आवडलं नसतं.

माझी नोकरी गेली नाही. होळीनंतर साहेबांनी स्वतः गोदामातून फळा उचलून आणला, पुसला, आणि चौकटीच्या शेजारी टांगला. एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर मी ती आनंदाने सगळ्यांना सांगत फिरले असते.

तीनेक आठवड्यांनी मी त्या पंपवाल्याला भेटायला तुर्भ्याच्या बाजूला कामगारांच्या कॅम्पवर गेले. पाय प्लास्टरमध्ये, खाटेवर बसून तो भात खात होता. खूश होता. चाचांसाठी गावाहून काहीतरी मागवायचं म्हणत होता. मग म्हणाला, "मैडम, एक बात पूछूँ? चाचा पहली बार आए तब बोले क्यों नहीं?"

"पहली बार?"

"दो बार आए ना. पहली बार बत्ती नहीं थी उनके पास. मैं गड्ढे में था, मुंडी ऊपर की तो किनारे पे पैर दिखे. नंगे पैर. टखने तक काला कीचड़. मैं समझ गया चाचा हैं, और कौन बिना जूते के घूमता है. मैं बोला, चाचा, मैं इधर हूँ. वो खड़े रहे. बहुत देर. फिर चले गए. बाद में बत्ती लेके आए."

मी त्याला सांगितलं नाही की त्या दिवशी चाचांच्या पायात बूट होते आणि नाड्या मी बांधल्या होत्या. सांगितलं नाही की पंपाच्या त्या वाटेवर चिखल नसतो. सगळीकडे काँक्रीट आहे. मी म्हटलं, थकले असतील.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी त्यांना हे सांगितलं. हाकेचंही सांगितलं, जे तोपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

"तुम्ही हाक मारली होती का?"

"साइटवर मी कवा तुला पोरी बोललो?"

 पूल आला, चपला मांडीवर आल्या. मग त्यांनी विचारलं, "त्यानं नाव ईचारला का? त्या उभा ऱ्हायलेल्यानं?"

"नाही. नुसता उभा होता म्हणे."

"बरं झाला." त्यांनी श्वास सोडला. शर्टाच्या खिशातून निळा दोरा काढला आणि माझ्या हातात दिला. सबंध दोरा सुटा होता, एकच गाठ होती.

"ही त्या पंपवाल्याची?"

"त्याची मी त्याच दिसाला सोडली. दोन व्हत्या पोरी. तुला चिमटीत एक दावली, एक मुठीत व्हती. दोन बोललो असतो तर मना येडा ठरवला असता आन त्या पोराला बी कोन बघाया गेला नसता."

"दुसरी कुणाची?"

"ठावं नाय. ती मी बांधली नाय. त्या दिशी सकाली दोरा घेतला तवाच व्हती."

मी ती गाठ सोडवायचा प्रयत्न केला. नखाने, मग पिनेने. त्यांनी हात पुढे करून दोरा परत घेतला.

"ते शेहेर बी चिखलच व्हता," ते म्हणाले. "खाडीच. कोन कवाचा उतरलेला असंल. वरून माती घातली, रस्ते केले, इमारती केल्या. त्याची मोजनी करनारा उठून गेला असंल. तो तिथंच."

बस पुलावरून उतरली. त्या दिवशी त्यांना चपला घालायची आठवण राहिली नाही. तसेच साइटवर उतरले.

महिन्याभरात त्यांनी काम सोडलं. साहेबांनी थांबवायचा प्रयत्न केला, पगार वाढवतो म्हणाले. ते नाही म्हणाले. जाताना फळा त्या वेल्डरच्या हवाली केला, आणि मी ऐकलं, की बोगदा पूर्ण होईपर्यंत तो पोरगा प्रत्येकाला वर आल्यावर नाव विचारत होता. मी दुसरी नोकरी धरली, ऐरोलीला, एसी ऑफिसमध्ये. बोगद्यांशी संबंध उरला नाही.

मेट्रो सुरू झाल्यावर एका रविवारी मी सारसोळ्याला त्यांच्याकडे गेले. गल्लीत जाळी वाळत टाकलेली. ते दारात खुर्चीवर बसले होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मी आपणहून नाव सांगितलं तेव्हा हसले आणि काकूंना म्हणाले, "चहा टाक, पोरगी आली."

इकडतिकडचं बोलणं झालं. नातू दहावीला. गुडघे दुखतात. मग त्यांनी विचारलं, "गाड्या चालू झाल्या म्हनं."

"झाल्या. मी गेले होते दोनदा."

"आपला स्टेशन?"

"ओळखू येत नाही काका. सगळीकडे लाद्या, लाइट. आत एकदम गार."

"मानसं असतात?"

"पुष्कळ. सकाळपासून रात्रीपर्यंत. शाळेची मुलं, बायका. फलाटावर बाकडी आहेत, बसायला."

"बाकडी हायत?"

"हो. स्टीलची."

 काकूंनी चहा आणून ठेवला. कप त्यांनी चाचपून उचलला, पण प्यायले नाहीत, नुसता दोन्ही हातांत धरून बसले. न दिसणाऱ्या डोळ्यांनी जेट्टीच्या दिशेला बघत होते.

"बरं झाला," शेवटी ते म्हणाले. "सोबत झाली."

परवा मला पलीकडे काम होतं, म्हणून त्याच स्टेशनवर उतरावं लागलं. येताना फलाटावर भरदुपारी फारशी गर्दी नव्हती. गाडीला चार मिनिटं होती. मी चालत चालत अगदी टोकाच्या बाकड्यापर्यंत गेले, बसले, पर्स मांडीवर घेतली, आणि शेजारची जागा मोकळी ठेवली.